कायमचा पत्ता

अर्ज सरकारी असो, बँकेचा असो की शाळाकॉलेजचा असो, त्यात पत्त्याचे दोन रकाने असतातच. एक 'सध्याचा पत्ता' आणि दुसरा 'कायमचा पत्ता'. पहिला भरताना आपण जरा थबकतो. इमारतीचे नाव, मजला, पिनकोड हे सारे आठवून लिहितो. दुसरा मात्र हात आपोआप लिहून मोकळा होतो. ज्या गावात वर्षाकाठी चार दिवससुद्धा आपले राहणे होत नाही, त्या गावाला आपण बिनदिक्कत 'कायमचा' म्हणतो. आणि जिथे वर्षानुवर्षे आपले दूध, वाणसामान आणि विजेचे बिल येते, तो पत्ता मात्र 'सध्याचा'! आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांची सगळी हकीकत या दोन रकान्यांमधल्या अंतरात मावते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

हे अंतर पडायला सुरुवात होते ती दहावीनंतर. पूर्वी 'मॅट्रिकनंतर' म्हणत. मुंबई विद्यापीठाने १८५९ साली पहिली मॅट्रिकची परीक्षा घेतली आणि रानडे-भांडारकरांसारखी मंडळी ती उत्तीर्ण झाली, तेव्हापासून मराठी घरांत काळाचे दोन भाग पडले: मॅट्रिकच्या आधीचा आणि नंतरचा. पुढे मॅट्रिकची एस. एस. सी. झाली. १९६६ साली महाराष्ट्राचे स्वतंत्र मंडळ आले. १९७५ पासून अकरावीची परीक्षा दहावीवर आली. नावे बदलली, पण गोष्ट तीच राहिली. गुणपत्रिका हातात पडली की घरातले पोर उंबरठ्याबाहेर पाऊल टाकते, आणि एकदा टाकलेले पाऊल सहसा परत फिरत नाही.

मी दहावी झाले मार्च १९९६ मध्ये, लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातून. त्याला आता एकोणतीस वर्षे झाली. या एकोणतीस वर्षांत मी अकरा बिऱ्हाडे केली. वर्गात आत्मचरित्रे शिकवताना मोठमोठ्यांच्या आयुष्याचा ताळेबंद मी मुलांपुढे मांडते. आपलाही एकदा मांडून पाहावा, असे यंदा मनात आले, आणि त्याला कारणही तसेच घडले. पण ते पुढे येईलच.

तीन पिढ्या, तीन टप्पे

आमचे आजोबा निजामाच्या अमलातले. तेव्हा सरकारी शाळांत उर्दूचे राज्य होते. हैदराबादेत १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दू माध्यमाचेच. आजोबांनी तालुक्याच्या शाळेत चार यत्ता केल्या आणि ते शेतीला लागले. पोथी ते बाळबोधीत वाचत, घरचा हिशेब मोडीत ठेवत आणि सरकारदरबारी द्यायचा कागद उर्दूत लिहीत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. आजोबा गमतीने म्हणत, "मी गाव सोडलं नाही, पण तीन राज्यं पाहिली." १९८२ साली उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा त्यांनी त्यात जिल्ह्याचीही भर घातली. माणूस जागचा हलला नाही, पत्ताच त्याच्या भोवती फिरत राहिला.

वडील, म्हणजे आमचे अप्पा, घराण्यातले पहिले एस. एस. सी. नंतर त्यांनी अध्यापनाचा अभ्यासक्रम केला आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत ते गुरुजी झाले. त्यांच्या बदल्या होत, पण तालुक्यातल्या तालुक्यात. सकाळी सायकलवर भाकरीचे फडके बांधून जात आणि दिवेलागणीला परत येत. सायकलच्या टप्प्यात जेवढा मुलूख येतो, तेवढे त्यांचे स्थलांतर. पगार शाळेचा आणि मुक्काम घरचा, असा तो काळ होता.

तिसरी पिढी आमची. मोठी ताई, मधला अण्णा आणि धाकटी मी. आमच्यावेळी टप्पा लांबला. आमच्या घरात काळ मोजायचे आणखी एक माप आहे, तेही इथेच सांगायला हवे. ते म्हणजे 'भूकंपाच्या आधी' आणि 'भूकंपानंतर'. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावे उशिरा निजली होती, आणि तीन वाजून छपन्न मिनिटांनी धरणी हलली. किल्लारी आमच्याच तालुक्यातले. त्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात जवळजवळ आठ हजार माणसे गेली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद, ही आमच्याकडची जुनी घरे. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच छप्पर अंगावर आले. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. आमचे गाव अलीकडच्या अंगाला होते, म्हणून वाचले. घराची मागची भिंत मात्र वरपासून खालपर्यंत दुभंगली. पुढे कित्येक महिने आम्ही अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये निजत होतो. ताईचे लग्न मे १९९४ मध्ये झाले, तेही त्या शेडच्या दारात मांडव घालून.

अण्णा त्या वर्षी बारावीला होता. परभणीच्या शेतकी महाविद्यालयाचा अर्ज त्याने आणून ठेवला होता. तो अर्ज भरायचा राहिला. अप्पांची नोकरी चालू, आजी अंथरुणावर, घराची भिंत पडलेली आणि अकरा एकर कोरडवाहू जमीन कुणाच्या तरी वाटेकडे डोळे लावून बसलेली. घरात कुणी त्याला 'तू राहा' असे म्हटल्याचे मला आठवत नाही. तो राहिला, एवढेच आठवते.

अकरा बिऱ्हाडे

माझे पहिले बिऱ्हाड लातूरचे. औशाहून लातूर वीस किलोमीटर, पण त्या दिवशी एस. टी. मधून उतरताना आपण परमुलखात आलो असे वाटले होते. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, ज्वारीच्या पिठाची पिशवी आणि आईचा उपदेश एवढे सामान. आईचा उपदेश लक्षात राहण्याजोगा होता. ती म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात खिळा ठोकायचा तर विचारून ठोकावा, बाई." अकरा बिऱ्हाडे होईपर्यंत हे वाक्य मला उपयोगी पडले आहे, आणि ते फक्त खिळ्यांपुरतेच नाही.

त्या दिवसांत लातूरला दहावीनंतर येणारे पोर डॉक्टर नाही तर इंजिनियर व्हायलाच येते, अशी समजूत होती. लातूरच्या अभ्यासपद्धतीचा तेव्हा महाराष्ट्रभर बोलबाला होता. मी कला शाखेला नाव घातल्याचे ऐकून खोलीच्या मालकीणबाईंनी, "का ग, गुण कमी पडले का?" असे हळहळून विचारले. पाच वर्षांत तिथे तीन खोल्या बदलल्या. घरी फोन नव्हता. रविवारी रात्री एस. टी. डी. च्या पिवळ्या पाटीखाली रांगेत उभे राहायचे, गावातल्या दुकानात फोन लावायचा आणि ठरल्या वेळी अण्णाने तिथे येऊन बसायचे. तीन मिनिटांत पाऊस, आजीची तब्येत आणि पुढच्या महिन्याचे पैसे एवढे विषय उरकावे लागत. पैसे मनिऑर्डरने येत. पाठवणाऱ्याच्या जागी अप्पांचे नाव असे, अक्षर मात्र अण्णाचे.

बी. ए. ची पदवी मिळाली ती १९९४ साली नांदेडला निघालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची. एम. ए. साठी २००१ साली औरंगाबादेस गेले. त्या विद्यापीठाची स्थापना १९५८ ची, आणि १९९४ साली त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळालेले. वसतिगृहात आठही जिल्ह्यांच्या मुली होत्या. एकीची मराठी बीडची, दुसरीची हिंगोलीची. भाषाशास्त्राच्या पुस्तकात मिळाले नाही ते तिथल्या पाण्याच्या रांगेत मिळाले. हे माझे चौथे बिऱ्हाड.

२००४ साली लग्न झाले. यजमान बँकेत अधिकारी. बँकेतल्या माणसाशी लग्न म्हणजे बदलीशीही लग्न, हे मला कुणी सांगितले नव्हते. नांदेडला चार वर्षांत दोन घरे झाली. सोलापूरला तीन वर्षांत दोन. मी दोन्हीकडे तासिका तत्त्वावर शिकवीत असे. हा शब्द ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: जितके तास घ्याल तितक्याच तासांचे पैसे. दिवाळीच्या सुट्टीत पगार नाही, उन्हाळ्यात तर नोकरीच नाही, आणि जून उजाडला की पुन्हा मुलाखत. आज महाराष्ट्रात नेट-सेट झालेली कितीतरी मुले याच रांगेत चाळिशीला येत आहेत. माझे नशीब बरे, म्हणून २०११ साली पुण्यात कायमची जागा मिळाली. 'कायमची' हा शब्द आयुष्यात प्रथमच नेमणूकपत्रावर वाचला आणि पेढे वाटले.

पण माझी जागा कायम झाली म्हणून यजमानांची बदली थांबली नाही. २०१५ ते २०१८ ते नागपूरला आणि मी पुण्याला. कन्या तेव्हा पहिली-दुसरीत. एका घराचे दोन संसार झाले, दोन गॅस, दोन पोळपाट. २०१६ साली आम्ही पुण्यात सदनिका घेतली. हे अकरावे बिऱ्हाड, आणि स्वतःच्या मालकीचे पहिले. इथे खिळा ठोकताना विचारायला कुणी नाही. या घराचे हप्ते २०३६ पर्यंत चालायचे आहेत. तरीसुद्धा अर्जात मी हा पत्ता 'सध्याचा' म्हणूनच लिहिते. माणसाच्या मनाचे व्याकरण असे आहे.

प्रत्येक स्थलांतरात काहीतरी मागे राहते. लातूरहून निघताना अप्पांची पत्रे ठेवलेला बिस्किटांचा डबा राहिला. नांदेडहून निघताना तुळस शेजारणीला दिली. सोलापूरला माझ्या टिपणांच्या दोन वह्या रद्दीत गेल्या. शेजार तर दरवेळी राहतोच. नव्या गावात दूधवाला, दवाखाना आणि मुलीची शाळा या तीन गोष्टी जमेपर्यंत सहा महिने जातात. त्या जमल्या की गाव आपले वाटू लागते, आणि तेवढ्यात बदलीचा हुकूम येतो.

गंमत अशी की आपण गावे सोडतो तशी गावेही आपली नावे सोडतात. आजोबांच्या कागदांवर जिल्हा उस्मानाबाद आहे, त्याचे आता धाराशिव झाले. माझ्या एम. ए. च्या कागदांवर औरंगाबाद आहे, ते २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आहे. सोलापूरच्या विद्यापीठाला २०१९ साली पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. प्रमाणपत्रांची फाईल उघडली की कन्या विचारते, "आई, ही सगळी वेगळी गावं की तीच?" गावे तीच, बाळ. कागद तेवढे जुने.

मुलीचा कायमचा पत्ता

इथपर्यंतची हकीकत कुणाही नोकरदाराच्या घरची म्हणता येईल. पण बायकांच्या बाबतीत या रकान्याला आणखी एक पेच आहे. मुलगा गाव सोडतो तेव्हा त्याचा कायमचा पत्ता जागेवर राहतो. मुलीचा मात्र लग्नाच्या दिवशी पुसला जातो आणि तिथे दुसरे गाव येते. २००४ नंतर मी त्या रकान्यात सासरचे, परभणीकडचे गाव लिहू लागले. सासरची माणसे चांगली आहेत, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण ज्या गावात मी एक पावसाळासुद्धा सलग काढला नाही, ते माझे 'कायमचे', आणि ज्या भिंतीची भेग मी डोळ्यांदेखत लिंपलेली पाहिली, ते घर आता नुसते 'माहेर'. माहेर हा शब्द गोड आहे, पण अर्जात त्याला रकाना नाही.

कायद्याने मात्र हा रकाना हळूहळू उघडला आहे, आणि तो इतिहास घराघरांत ठाऊक असायला हवा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या वाट्यात वारसा दिला, पण वडिलार्जित एकत्र मिळकतीत जन्माने हक्क फक्त मुलाचा राहिला. महाराष्ट्राने १९९४ साली दुरुस्ती करून मुलीलाही तो जन्मसिद्ध हक्क दिला. अट एवढीच, की २२ जून १९९४ पूर्वी तिचे लग्न झालेले नसावे. आमच्या ताईचे लग्न त्याच वर्षी मे महिन्यातले! एका महिन्याने ती हुकली आणि मी आत आले. एकाच आईबापाच्या दोन मुली, पण एकीला हक्क आणि दुसरीला नाही. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्न झालेल्या, न झालेल्या सर्व मुलींना समान केले, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा हक्क मुलीला जन्मानेच मिळतो, २००५ साली वडील हयात असायला हवेत असे नाही.

कायदा पुस्तकात असतो तोवर सोपा असतो. तो घरात आला की त्याला माणसांचे चेहरे येतात.

अप्पा २०१९ साली गेले. तेराव्याच्या दिवशी नात्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी पानावर बसल्याबसल्याच विषय काढला, "लेकींनी आता हक्कसोड करून द्यावं. रीत आहे. साडीचोळी घ्यावी, भावाचं तोंड गोड राहतं." अण्णा काही बोलला नाही. वहिनी वाढत होत्या, त्या तशाच पुढच्या पानाकडे गेल्या. तलाठ्याकडे वारसांची नोंद झाली आणि सातबाऱ्यावर चार नावे आली: आई, ताई, अण्णा आणि मी.

आता खरे पाहिले तर इथे दोन हक्क समोरासमोर उभे होते, आणि दोन्ही खरे होते. एक हक्क जन्माचा. दुसरा घामाचा. पंचवीस वर्षे त्या अकरा एकरांत अण्णा राबला होता. ज्वारी गेली, सोयाबीन आले, भाव चढले, पडले. दुष्काळाची वर्षे त्याने काढली. आजीचे आणि अप्पांचे शेवटचे आजारपण त्याने आणि वहिनींनी केले. दर महिन्याच्या एक तारखेला माझ्या खात्यात पगार जमा होतो. मला त्या जमिनीची गरज काय, असे कुणी विचारले असते तर मला उत्तर देता आले नसते.

पण ताईचे तसे नव्हते. ती लातुरात राहते. भावजींचे छोटे दुकान. २०१६ चा उन्हाळा तिने लातुरात काढला. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला आली, पहिल्या खेपेला दहा डबे, प्रत्येकी पन्नास हजार लिटरचे. वर्तमानपत्रांत तिची छायाचित्रे छापून आली. ज्या बार्शी लाईटच्या छोट्या गाडीने आजी आम्हाला पंढरपूरला नेत असे, त्याच मार्गावर आता रुंद रूळ पडले होते आणि त्यांवरून वारकऱ्यांऐवजी पाणी येत होते. गल्लीत टँकर आला की ताई दुकान सोडून घागरी भरी. त्यातून दुकान सावरते न सावरते तोच २०२० सालची टाळेबंदी आली. थोरल्या मुलाची अभियांत्रिकीची फी थकली. ताईने कधी तोंडाने मागितले नाही, पण त्या सातबाऱ्यावरचे नाव तिला आता नुसते नाव राहिले नव्हते, हे आम्हा दोघांनाही कळत होते.

आणि अण्णाची अडचण आणखी निराळी. सातबाऱ्यावर चार नावे झाल्यावर खरिपाच्या पीककर्जासाठी बँक चौघांची संमती मागू लागली. आई घरातच, पण ताई लातुरात आणि मी पुण्यात. एका वर्षी मला रजा मिळाली नाही, संमतीपत्र वेळेवर पोचले नाही आणि अण्णाला बियाण्यासाठी सावकाराचे पैसे घ्यावे लागले. तो मला काही बोलला नाही. हे मला वहिनींनी पुढे केव्हातरी बोलण्याच्या ओघात सांगितले.

बैठक

२०२१ च्या दिवाळीत आम्ही तिघे भावंडे आईला मध्ये बसवून बोललो. वहिनींना आणि भावजींना मुद्दाम बोलावून घेतले. अशा बैठकीला सून आणि जावई नसले की घरी गेल्यावर दुसरी बैठक होते, हे आईचे शहाणपण. मी म्हटले, "अण्णा, तुझ्या मनात काय आहे ते तू आधी सांग. हक्कसोड हवी असेल तर मी आज सही करते."

अण्णा बराच वेळ सुपारी कातरत राहिला. मग म्हणाला, "तुझी सही घेतली तर ताईचीही घ्यावी लागंल. तिला नाही म्हणता येणार नाही, आणि तिला परवडणारही नाही. नावं राहू द्या. नाव असलं की माणसाचं येणं राहतं."

ताईचे डोळे भरून आले. वहिनी मात्र व्यवहाराच्या. त्या म्हणाल्या, "नावं राहू द्या, पण बँकेचं काय? दर जूनला आम्ही कुणाच्या दारात उभं राहायचं? आणि ह्यांच्या कष्टाचा हिशेब कोण धरणार?" मला त्यांचे बोलणे पटले. मायेने सुटणारे प्रश्न मायेने सोडवावेत, आणि हिशेबाचे हिशेबाने.

त्या रात्री जे ठरले ते आम्ही तालुक्याच्या वकिलांकडून लिहून घेतले. आई आहे तोवर तुकडा विकायचा नाही. पीक पिकवील त्याचे, म्हणजे अण्णाचे. बहिणींच्या वाट्याबद्दल त्याने दरसाल ठरलेला खंड द्यायचा, दुष्काळ पडला तर त्या वर्षी माफ. माझ्या वाट्याचा खंड ताईने घ्यायचा. घरातली माडीवरची खोली दोघी बहिणींची. आणि मे महिना संपायच्या आत दोघींनी बँकेत जाऊन संमतीच्या सह्या करायच्या. भाऊबहिणीत कागद कशाला, असे काहींनी म्हटलेच. पण माझा अनुभव असा की लिहून ठेवल्यापासून आमच्यात बोलणे वाढले आहे, कमी झालेले नाही. न बोललेल्या गोष्टींची जी एक आढी मनात पडून राहते, ती आता राहिली नाही.

तेव्हापासून मे महिन्यात मी न चुकता गावी जाते. पूर्वी 'बघू, जमलं तर येते' असे होते. आता बँकेची तारीख असते. अण्णा बँकेतल्या साहेबांना सांगतो, "आमच्या बहिणीची सही महाग आहे, पुण्याहून येते." आम्ही सह्या करतो, उसाचा रस पितो आणि घरी येऊन वहिनींच्या हातची ज्वारीची भाकरी आणि येसरची आमटी खातो.

मागे राहिलेला माणूस

यंदा कन्या दहावी झाली. यंदा अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, त्यामुळे आमच्यासारख्या आयांना रांगेत उभे राहावे लागले नाही, पण संगणकापुढे मात्र बसावे लागले. कॉलेजच्या एका अर्जात ती अडली. "आई, कायमचा पत्ता कुठला लिहू?" तिचा जन्म सोलापूरचा, बालपण पुण्याचे, आजोळ औशाकडचे, बाबांचे गाव परभणीकडचे. तिने पुण्याचाच पत्ता दोन्हीकडे लिहिला आणि पुढचे पान उघडले. तिला त्यात काही वावगे वाटले नाही, आणि मलाही वाटू नये. तिच्या दृष्टीने तेच खरे आहे.

पण त्या संध्याकाळी मला प्रथमच स्पष्ट दिसले की कायमचा पत्ता म्हणजे गाव नव्हे, घरही नव्हे. घर तर भूकंपात दुभंगले होते. कायमचा पत्ता म्हणजे तिथे मागे राहिलेले माणूस. आपण बाहेर पडलो, शिकलो, बदल्या झेलल्या, हप्त्यांवर घरे घेतली, याचे कौतुक सगळे करतात आणि ते योग्यही आहे. परंतु प्रत्येक बाहेर पडलेल्या माणसामागे एक न गेलेला माणूस असतो. त्याने दार उघडे ठेवले, म्हाताऱ्यांना सांभाळले, बांधाचे भांडण अंगावर घेतले, म्हणून आपल्याला त्या रकान्यात काहीतरी लिहिता आले.

आता तोही माणूस पन्नाशीला आला आहे. अण्णाचा मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. रविवारी आमच्याकडे जेवायला येतो आणि शेतीचे नाव काढले की हसतो. मेमध्ये मी अण्णाला विचारले, "तुमच्यानंतर इथं कोण?" तो म्हणाला, "ते आत्ताच कशाला? यंदाची पेरणी तर होऊ दे." हा प्रश्न एकट्या आमच्या घरचा नाही. महाराष्ट्रातल्या हजारो घरांत माडीवरच्या खोलीला कुलूप आहे आणि खाली दोन वयस्क माणसे आहेत. त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही. पण उत्तर सापडेपर्यंत करायच्या गोष्टी मात्र अगदी साध्या आहेत.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दिवाळी आली असेल. ज्यांच्या घरी अजून मागे राहिलेले कुणी आहे, त्यांनी यंदा एक दिवस जास्त रजा काढावी. फराळ, कपडे, भाऊबीज हे तर होईलच. त्याखेरीज त्या माणसाला शांतपणे विचारावे, की कुठल्या कागदावर आमची सही अडली आहे का? दवाखान्यात न्यायचे राहिले आहे का? विजेच्या बिलाचा, विम्याचा, वारसाच्या नोंदीचा काही घोळ आहे का? वाटणीचा विषय टाळत आला असाल, तर आई किंवा वडील आहेत तोवरच, सून-जावयांना शेजारी बसवून, तो काढावा. गोडीने बोलावे आणि बोलले ते लिहून ठेवावे. फराळाचा डबा आपण नेतोच, या खेपेस खिशात एक चांगले लिहिते पेनही असू द्यावे.